एकाच रंगाचे दोन डोळे : अ‍ॅडाप्टिव्ह ऑप्टिक्सच्या टेबलावरचे एक प्रकरण

हे प्रकरण युरोपातल्या एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतले आहे. संस्था आणि माणसे ओळखू येतील असे तपशील काढून टाकले आहेत. मी तिथे टेबलाची जोडणी आणि चाचण्या बघत होतो. अतिविशाल दुर्बिणींसाठी लागणाऱ्या अ‍ॅडाप्टिव्ह ऑप्टिक्सची छोटी प्रतिकृती टेबलावर उभी करायची आणि तिचे नियंत्रण नीट चालते का ते तपासायचे, एवढे आमचे काम होते. दोन महिने सगळे उत्तम चालले, आणि मग कळले की आमची चाचणी सर्वांत महत्त्वाची चूक बघूच शकत नव्हती.

पार्श्वभूमी

ताऱ्याचा प्रकाश आपल्यापर्यंत येताना शेवटच्या काही किलोमीटरमध्ये बिघडतो. वातावरणात गरम-थंड हवेचे भोवरे असतात आणि त्यातून जाताना सपाट तरंगाग्र, म्हणजे प्रकाशलहरीची पुढची कड, चुरगळते. चांगल्या रात्रीही दृश्य प्रकाशात हवेचा जो पट्टा एकसंध वागतो तो जेमतेम १० ते २० सेंटीमीटर रुंदीचा असतो. म्हणून आरसा कितीही मोठा केला तरी प्रकाश जास्त गोळा होतो, पण तपशील छोट्या दुर्बिणीइतकाच दिसतो. यावर उपाय होरेस बॅबकॉक यांनी १९५३ मध्येच सुचवला होता: तरंगाग्र किती बिघडले आहे ते मोजायचे आणि आकार बदलणाऱ्या आरशाने त्याच क्षणी उलटी दुरुस्ती करायची. खगोलशास्त्रात तो प्रत्यक्ष यायला १९८९ साल उजाडले.

आता चिलीमध्ये सेरो आर्माझोनेस डोंगरावर ३९ मीटरची ईएलटी ही अतिविशाल दुर्बीण उभी राहते आहे. तिचा मुख्य आरसा ७९८ तुकड्यांचा. दुरुस्ती करणारा आरसा तिचा चौथा, एम४. तो २.४ मीटरचा, दोन मिलिमीटरहूनही पातळ काचेचा, मागे ढकलून-ओढून आकार बदलणारे ५,००० हून जास्त अ‍ॅक्च्युएटर, आणि एकसंध नव्हे तर सहा पाकळ्यांचा. हवाईसाठी आखलेल्या ३० मीटरच्या टीएमटी या दुर्बिणीमध्ये भारत भागीदार आहे आणि तिच्या मुख्य आरशाचे ४९२ तुकडे आहेत. पुण्याच्या आयुकाने कॅलटेकबरोबर रोबो-एओ ही स्वयंचलित प्रणाली बनवली, त्यामुळे हा विषय आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना परका नाही. आमच्या टेबलावरही एक मराठी मुलगी पीएचडी करत होती आणि या प्रकरणाची किल्ली तिच्याच वहीत सापडली.

एवढी मोठी यंत्रणा डोंगरावर नेऊन मग बघू, असे चालत नाही. दुर्बिणीची एक रात्र फार महाग असते. त्यामुळे सगळे आधी टेबलावर. ३९ मीटरचा तो प्रचंड वर्तुळाकार प्रकाशझोत इथे नाण्याएवढा होतो. फायबरच्या टोकातून येणारा लेझर हा आपला तारा. मध्ये फिरणाऱ्या काचेच्या तबकड्या, ज्यांच्यावर हवेच्या भोवऱ्यांसारखा खडबडीतपणा कोरलेला असतो, म्हणजे वातावरण. पुढे आकार बदलणारा आरसा. मग प्रकाश दोन वाटांना जातो: एक वाट तरंगाग्र मोजणाऱ्या वेव्हफ्रंट सेन्सरकडे, दुसरी प्रतिमा टिपणाऱ्या कॅमेऱ्याकडे. सेन्सर मोजतो, संगणक गणित करतो, आरसा वाकतो. प्रत्यक्ष दुर्बिणीवर हे चक्र सेकंदाला हजारेक वेळा फिरावे लागते.

आमचा सेन्सर पिरॅमिड प्रकारचा होता. रोबेर्तो रागाझ्झोनी यांनी १९९६ मध्ये मांडलेली ही कल्पना फार देखणी आहे. ताऱ्याची प्रतिमा काचेच्या चौकोनी पिरॅमिडच्या टोकावर पाडायची. प्रकाश चार भागांत फुटतो, आरशाची चार चित्रे तयार होतात आणि त्यांच्या उजेडातल्या फरकावरून तरंगाग्राचा उतार कळतो. मंद ताऱ्यांवर हा सेन्सर फार चांगला चालतो, म्हणून मोठ्या दुर्बिणींची त्याच्यावर भिस्त आहे.

एक गोष्ट अजून. दुर्बिणीत दुसरा आरसा अधांतरी राहत नाही, त्याला धरणारे आरे लागतात. ईएलटीत ते सहा आहेत आणि सुमारे अर्धा मीटर रुंद. त्यांच्या सावलीने आरशाची सहा वेगळी बेटे होतात. शेजारच्या दोन बेटांवरचा प्रकाश एकमेकांना चिकटलेला नसतो, मध्ये अंधाराची पट्टी असते. या अंधाराच्या पट्टीमुळेच पुढचे सगळे घडले.

अडचण कशी दिसली

सुरुवातीचे दोन महिने आम्ही आऱ्यांशिवाय, सबंध गोल झोतावर काम केले. कॅलिब्रेशन सोपे जावे म्हणून. सेन्सर आणि कॅमेरा दोघांनाही ६३५ नॅनोमीटरचा तोच लाल लेझर. दिसतो, सांभाळायला सोपा, स्वस्त. मग आऱ्यांच्या आकाराचा मास्क बसवला. लूप, म्हणजे मोजणी-दुरुस्तीचे चक्र, चालू केला, प्रतिमा तशीच रेखीव आणि स्वच्छ. पुढच्या आढाव्यासाठी लिहिलेल्या कसोटीत स्ट्रेल गुणोत्तराचा, म्हणजे मिळालेली प्रतिमा आदर्श प्रतिमेच्या किती टक्के तेजस्वी आहे याचा, एक आकडा होता. तो आकडा आम्ही गाठला होता.

तिसऱ्या महिन्यात कॅमेऱ्याची वाट इन्फ्रारेडवर नेली, कारण दुर्बिणीवर विज्ञान मुख्यतः तिथेच होणार. स्रोत १५५० नॅनोमीटरचा. सेन्सर लाल लेझरवरच ठेवला.

इन्फ्रारेडमध्ये प्रतिमा जास्त चांगली यायला हवी. तीच चूक लांब लहरीला लहान वाटते. समजा दुरुस्तीनंतर ६० नॅनोमीटरची सरासरी चूक उरली, तर लाल रंगात स्ट्रेल ७० टक्क्यांच्या आसपास येतो आणि १५५० ला ९४ टक्क्यांच्या. आम्हाला उलटे दिसत होते. प्रतिमा काही सेकंद सुरेख, मग अचानक निम्मी मंद, बाजूला एक तुकडा फुटलेला, कधी चक्क दोन शेजारी ठिपके. मग पुन्हा नीट. आणि या सगळ्या वेळात सेन्सरचे आकडे निर्विकार. त्याच्या मते सगळे ठीक होते.

पहिले निदान आणि त्यात गेलेले दिवस

पहिला संशय कॅमेऱ्याच्या वाटेवर. सेन्सरच्या वाटेत नसलेली पण कॅमेऱ्याच्या वाटेत असलेली भिंगे-आरसे स्वतःची चूक आणतात, हा नेहमीचा रोग. आम्ही ती चूक पुन्हा मोजली, आरशाच्या शून्यस्थितीत तिची भरपाई केली. स्थिर प्रतिमा सुधारली, पण लूप चालू झाला की तोच प्रकार.

दुसरा संशय कंपनांवर. नव्या कॅमेऱ्याला थंड ठेवणारा पंप टेबलाजवळ आला होता, तेव्हा त्याच्यावर बोट ठेवणे सोपे होते. पंपाखाली रबर घातले, नळ्या मोकळ्या केल्या, वातानुकूलन बंद करून रात्री चाचण्या घेतल्या. अ‍ॅक्सेलरोमीटर (कंपनमापक) चिकटवून आलेख काढले. पंपाच्या वारंवारितेवर एक सुळका मिळालाही, आणि सुळका दिसला की त्याच्या मागे लागायचा मोह आवरत नाही. यात दोन आठवडे गेले.

त्या दिवसांत एका संध्याकाळी ती विद्यार्थिनी चाळीस मिनिटे नुसती पडद्यासमोर बसून होती. मांडीवर वही. प्रतिमा बिघडली की घड्याळातली वेळ लिहायची, सुधारली की पुन्हा वेळ. उठताना ती मला म्हणाली, "दादा, ही हलत नाहीये. उडी मारतेय. आणि उडी मारून तिथेच बसून राहते."

पहिला निर्णयबिंदू हा होता. कंपनाने प्रतिमा थरथरते, पसरट होते. कंपन उडी मारून बसत नाही. तिच्या वाक्यात कंपनाचा दावा खोडणारा पुरावा होता. मी मान डोलावली आणि पुन्हा सुळक्याच्या आलेखाकडे वळलो, कारण तिथे आकडे होते आणि तिच्याकडे वहीतल्या वेळा. आणखी चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी तिने मला न सांगता वेगळेच केले. आरशाला पाठवलेले आदेश आम्ही साठवत होतो, पण ते फक्त लूप तुटला तर बघायला. तिने ते काढले, सहा बेटांप्रमाणे वेगळे केले आणि प्रत्येक बेटाची सरासरी उंची वेळेसमोर मांडली. आलेख जिन्यासारखा आला. बेट एका पायरीवर काही सेकंद, मग झटकन वरची पायरी, मग पुन्हा खाली. पायऱ्यांची उंची साधारण ३१७ नॅनोमीटर किंवा तिच्या पटीत.

आरसा जेवढा सरकतो त्याच्या दुप्पट प्रकाशाची वाट बदलते, कारण प्रकाश जातो आणि परत येतो. ३१७.५ दुणे ६३५. बेट बरोबर एका लाल लहरीने सरकत होते. तो आलेख पाहिल्यावर पंपाचा विषय संपला.

नेमके काय घडत होते

पिरॅमिडला एका बेटाच्या आतला उतार छान कळतो. पण अंधाराच्या पट्टीपलीकडचे बेट आपल्यापेक्षा उंच आहे की खाली, हे त्याला फक्त दोन बेटांच्या प्रकाशाच्या व्यतिकरणातून, म्हणजे लहरी एकमेकींत मिसळून होणाऱ्या उजेड-अंधारातून, कळते, आणि व्यतिकरण पूर्ण लहरी मोजत नाही. फरक शून्य असो, एक लहर असो की दोन, त्याला तिन्ही सारखेच. तासकाटा नसलेल्या घड्याळासारखी ही गत आहे. सव्वा झाला हे दिसते, कितीचा सव्वा ते दिसत नाही.

हवा शांत असली तर चुकीला वाव कमी, कारण फरक अर्ध्या लहरीच्या आतच राहतो. भोवरा जोरदार आला, क्षणभर फरक अर्ध्या लहरीपलीकडे गेला, की नियंत्रण जवळच्या शून्याकडे ओढते, आणि ते शून्य आता पुढच्या लहरीचे असते. तिथे पोचल्यावर सेन्सर समाधानी. सबंध गोल झोतात हे घडत नाही, कारण तिथे प्रकाश अखंड असतो आणि उतार जोडत जोडत सगळीकडे पोचता येते. मास्क नव्हता तोवर रोगाला जागाच नव्हती.

आणि मास्क लावल्यावरही तो दिसला नाही, कारण कॅमेरासुद्धा त्याच ६३५ नॅनोमीटरवर बघत होता. एका लाल लहरीची उडी लाल कॅमेऱ्यालाही शून्यच. आमच्याकडे दोन डोळे होते, पण दोघांचा आंधळा ठिपका एकाच जागी. १५५० ला मात्र तीच उडी सुमारे १४७ अंशांची होते (पूर्ण लहर म्हणजे ३६० अंश). सहापैकी एक बेट तेवढे सरकले तर मधल्या ठिपक्याचे तेज ४९ टक्क्यांवर येते. तीन बेटे एका बाजूने सरकली तर जेमतेम ८ टक्क्यांवर, आणि तारा दुभंगतो. पडद्यावर आम्ही पाहत होतो ते हेच.

खात्रीसाठी एका दुपारी तबकड्या थांबवल्या, लूप तोडून दुरुस्ती थांबवली आणि एक बेट जाणूनबुजून हळूहळू वर नेले. सेन्सरचा संकेत चढला, उतरला, उलटा गेला, आणि आरसा ३१७ नॅनोमीटर सरकल्यावर परत शून्यावर आला. लाल कॅमेऱ्याची प्रतिमाही फुटून पुन्हा जुळली. इन्फ्रारेड प्रतिमा त्या क्षणी फुटलेलीच होती. तिघांची चित्रे मी शेजारी शेजारी छापून टेबलाच्या पडद्याला टाचली. ती अजून तिथे आहेत.

समोरचे पर्याय

इथे दोन वेगळे प्रश्न एकत्र आले होते: रोगावर काय करायचे, आणि तीन आठवड्यांवर आलेल्या आढाव्यात काय सांगायचे.

रोगावर चार वाटा होत्या. पहिली, बेटांच्या कडेचे अ‍ॅक्च्युएटर जोड्यांनी बांधायचे. अंधाराच्या पट्टीच्या अलीकडचा आणि पलीकडचा अ‍ॅक्च्युएटर एकत्रच वर-खाली होईल असे गणितात सांगायचे. हवेतली चूक अखंड असते, तेव्हा दुरुस्तीही अखंड ठेवली तर उडीला वाव राहत नाही. खर्च काही नाही. पण पायरी खरीच असली तर ही युक्ती तिला बघतही नाही आणि दुरुस्तही करत नाही.

खरी पायरी असते का? असते, आणि याचा अनुभव चिलीतल्या पारानालच्या ८.२ मीटर दुर्बिणीवर आलेला आहे. तिथल्या स्फिअर या उपकरणाने २०१४ मध्ये काम सुरू केल्यावर दिसले की वारा पडलेल्या, म्हणजे एरवी सर्वोत्तम समजल्या जाणाऱ्या रात्रींना प्रतिमा फुटते. आकार पाहून लोकांनी त्याला मिकी माऊस हे नाव दिले. कारण आरेच होते. रात्रीच्या उघड्या आकाशाकडे उष्णता फेकून ते भोवतालच्या हवेपेक्षा थंड होतात. वारा नसला की त्यांना लागून असलेली हवाही थंड होऊन तिथेच रेंगाळते आणि आऱ्याच्या दोन बाजूंना प्रकाशाची वाट वेगळी होते. २०१७ मध्ये आऱ्यांवर उष्णता कमी फेकणारा लेप दिला, आणि अशा रात्रींचा वाटा सुमारे २० टक्क्यांवरून ३.५ टक्क्यांच्या आसपास आला. कमी झाला, संपला नाही. म्हणून कडा बांधून मोकळे होणे आम्हाला पटत नव्हते.

दुसरी वाट, सेन्सरच इन्फ्रारेडवर नेणे. लहर लांब झाली की पायऱ्या दूर जातात आणि हवेचा भोवरा अर्धी लहर ओलांडायची शक्यता घटते. पण तेवढा जलद आणि कमी गोंगाटाचा इन्फ्रारेड डिटेक्टर आमच्या खिशाबाहेरचा होता.

तिसरी, बेटांच्या उंचीचे नियंत्रणच सोडून द्यायचे. मग उड्या नाहीत, पण हवेतूनच आलेला बेटा-बेटांमधला फरक तसाच उरतो. मोठ्या दुर्बिणीवर तो परवडत नाही.

चौथी, दुसरा डोळा, वेगळ्या रंगाचा. जलद काम पिरॅमिडच करेल, पण इन्फ्रारेड प्रतिमेतून हळू गतीने बेटांची खरी पायरी ओळखायची आणि नियंत्रणाला सांगायची. उडी मारलेले बेट काही सेकंद बसून राहते हे वहीतून कळले होतेच, त्यामुळे हळू डोळाही पुरला असता. जायंट मॅजेलन या आखलेल्या महादुर्बिणीसाठी चाललेल्या प्रयोगांतही सात प्रचंड आरशांच्या पायऱ्या ओळखायला असाच वेगळा, अनेक रंगांत बघणारा सेन्सर जोडलेला आहे. म्हणजे वाट अनोळखी नव्हती.

वातावरण दाखवायला तबकड्यांऐवजी द्रवस्फटिकाचा पडदा वापरावा, अशीही सूचना आली. ती आम्ही लगेच बाजूला ठेवली. तो पडदा स्वतःच एका लहरीनंतर शून्यावर परत येतो. ज्याला एक लहर आणि शून्य सारखेच, त्याच्याकडून ही चूक कशी तपासून घ्यायची?

आढाव्याचा निर्णय

माझ्या मते सगळ्यांत अवघड घडी ही होती. लिहिलेल्या कसोटीप्रमाणे आम्ही उत्तीर्ण होतो. कसोटीत कॅमेऱ्याचा रंग लिहिलेलाच नव्हता. लाल कॅमेऱ्याचे आकडे देऊन इन्फ्रारेडचे काम "पुढच्या टप्प्यात" टाकणे नियमाला धरून होते, आणि गटातल्या दोघांचे मत तसेच होते. त्यांची बाजू सांगायला हवी: पैशाचा पुढचा हप्ता या आढाव्यावर होता, दोन जणांच्या नेमणुका त्या हप्त्यावर होत्या.

बैठकीत गटप्रमुखांनी हबलची गोष्ट काढली. हबलचा २.४ मीटरचा आरसा ज्या उपकरणाने तपासला त्यातले एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसले होते. कारागिरांनी आरसा त्या उपकरणाला हवा तसा अचूक घासला, म्हणजे अचूकपणे चुकीचा. दुसऱ्या दोन साध्या चाचण्यांनी गडबड दाखवली होती, पण त्या कमी अचूक म्हणून त्यांचे कुणी ऐकले नाही. १९९० मध्ये दुर्बीण वर गेली आणि १९९३ च्या डिसेंबरमध्ये अंतराळवीरांना जाऊन चष्मा लावावा लागला. गटप्रमुख एवढेच म्हणाले की आपल्याकडे वहीतली चाचणी आहे आणि ती कमी अचूक आहे.

ठरले असे की दोन्ही रंगांचे निकाल द्यायचे, उडीचा आलेख पहिल्या पानावर, आणि कसोटी दोन रंगांत लिहून घ्यायची मागणी आपणच करायची.

काय केले

पहिली आणि चौथी वाट जोडून घेतली. कडेचे अ‍ॅक्च्युएटर आधी घट्ट बांधून पाहिले. उड्या थांबल्या, पण मुद्दाम घातलेली पायरीही तशीच राहिली, जसे अपेक्षित होते. मग बांधणी सैल केली: जोडीत फरक पडला तर नियंत्रणाने त्याला विरोध करायचा, पण पुरेसा ठाम पुरावा असला तर वाकायचे. तो पुरावा दुसऱ्या डोळ्याने द्यायचा.

दुसऱ्या डोळ्याची एक अडचण आधीच माहीत होती. एका प्रतिमेवरून बेट वर गेले की खाली हे दर वेळी सांगता येत नाही, काही आकारांत दोन्हींची प्रतिमा तीच येते. म्हणून प्रकाशाचा एक हिस्सा फोडून दुसऱ्या कॅमेऱ्यावर नेला आणि तो जाणूनबुजून थोडा फोकसबाहेर ठेवला. नीट आणि धूसर अशा दोन प्रतिमा मिळून वर-खालीचा निकाल लावतात. ही जोडणी करायला विद्यार्थिनीला तीन आठवडे लागले, त्यातला बराचसा वेळ फोकसबाहेरचा कॅमेरा रोज तेवढाच बाहेर राहावा यात गेला. सकाळी खोली गार, दुपारी दोन अंश वर, की कॅमेऱ्याचा धातूचा पाट फुगतो. शेवटी तिने पाटाभोवती फोमचा डबा केला आणि दार उघडताना सगळ्यांनी हळू उघडावे अशी चिठ्ठी लावली.

गणितात एक खाच अजून होती. पाच लाल लहरी म्हणजे ३,१७५ नॅनोमीटर, आणि दोन इन्फ्रारेड लहरी म्हणजे ३,१००. फरक जेमतेम १७ अंशांचा. म्हणजे एकदम पाच पायऱ्यांची उडी दुसऱ्या डोळ्यालाही जवळजवळ दिसत नाही. नोंदींत एवढी मोठी उडी एका झटक्यात कधी आली नव्हती, पण पायरी-पायरीने तिथे पोचणे शक्य होते. म्हणून नियंत्रणाला प्रत्येक बेटाचा मागचा हिशेब ठेवायला लावला. घड्याळ दोन काट्यांचे झाले तरी तारीख लक्षात ठेवावी लागते.

निष्पत्ती

आढाव्यात प्रश्न बरेच आले. पण मंडळाने कसोटी बदलून दोन तरंगलांबींत लिहिली आणि मुदत वाढवून दिली. हप्ता उशिरा आला. दोनपैकी एका नेमणुकीत खंड पडला, आणि ज्याची नेमणूक होती त्याला तो जड गेला. ही या निर्णयाची खरी किंमत आहे, म्हणून ती नोंदवतो.

टेबलावर, तेजस्वी ताऱ्याच्या स्थितीत, इन्फ्रारेड प्रतिमा आता फुटून बसून राहत नाही. उडी अधूनमधून पडते, पण दुसरा डोळा तिला पकडून परत आणतो. लेझर मंद केला की चित्र बदलते. दुसऱ्या डोळ्याला पुरेसा प्रकाश मिळेपर्यंत बेट बराच वेळ चुकीच्या पायरीवर असते. दुर्बिणीवर बहुतेक तारे मंदच असणार, त्यामुळे ही उणीव मोठी आहे आणि ती सुटलेली नाही.

वेगळे काय करता आले असते

मास्क पहिल्या दिवसापासून लावायला हवा होता. कॅलिब्रेशन सोपे जाते हे कारण खरे, पण ज्या आकारामुळे अतिविशाल दुर्बीण लहान दुर्बिणीपेक्षा वेगळी वागते तोच आकार आम्ही दोन महिने टेबलाबाहेर ठेवला.

कॅमेऱ्याचा रंग सेन्सरपेक्षा वेगळा ठेवणे सुरुवातीलाच शक्य होते. १५५० नॅनोमीटरचा साधा स्रोत कपाटात पडून होता. कॅमेरा नंतर आला हे खरे, पण साधा एका पिक्सेलचा डिटेक्टर फायबरमागे लावून मधल्या ठिपक्याचे तेज मोजले असते तरी उड्या त्या दिवशी दिसल्या असत्या.

आरशाचे आदेश हा सगळ्यांत स्वस्त पुरावा होता आणि तो आमच्या डिस्कवर पहिल्या दिवसापासून होता. लूप नीट चालू असतानाही ते बेटांप्रमाणे बघायचे, असा नियम आता आहे.

आणि वही. चाळीस मिनिटे डोळ्यांनी पाहून लिहिलेल्या वेळा आणि अ‍ॅक्सेलरोमीटरचा आलेख यात मी आलेखाला झुकते माप दिले. तेव्हा मी तिला एकच प्रश्न विचारायला हवा होता: दोन उड्यांमध्ये किती वेळ जातो? तिच्या वहीत ते लिहिलेलेच होते, आणि पंपाच्या ठोक्याशी त्याचा काही मेळ नव्हता.

सध्या ती वारा पडलेल्या रात्रीची नक्कल टेबलावर आणते आहे. मास्कच्या एका आऱ्याच्या दोन बाजूंना अगदी थोड्या वेगळ्या जाडीच्या काचा बसवल्या आहेत, म्हणजे खरी, ठरावीक पायरी सतत तिथे असेल. ती तशीच ठेवून लेझर पायरी-पायरीने मंद करत जायचे आणि दुसरा डोळा कुठे हरतो ते बघायचे. पहिल्या रात्रीची नोंद तिने कालच पाठवली. सोबत वहीच्या पानाचा फोटोही आहे, डावीकडे वेळा, उजवीकडे उड्या.